परकीय सरकारजमा आदेशांची न्यायालयीन मान्यता

परकीय सरकारजमा आदेशांची न्यायालयीन मान्यता म्हणजे एका देशाच्या न्यायालयाने गुन्ह्याशी संबंधित मालमत्ता सरकारजमा करण्याचा दिलेला आदेश, ती मालमत्ता ज्या देशात आहे तेथील न्यायालयाने स्वीकारणे व अमलात आणणे होय. न्यायालयाचा अधिकार सामान्यतः त्याच्या देशाच्या सीमेपाशी संपतो. त्यामुळे मुंबईतील न्यायालयाने लंडनमधील सदनिका सरकारजमा केल्याचे जाहीर केले, तरी तेवढ्याने त्या सदनिकेची मालकी बदलत नाही. लंडनच्या दृष्टीने तो आदेश ही एक विनंती असते. तेथील न्यायालय ती तपासते आणि मग स्वीकारते किंवा नाकारते. मूळ खटल्यात संबंधितांना सूचना मिळाली होती का, त्यांना बाजू मांडता आली का आणि आदेश अंतिम झाला आहे का, हे या तपासणीतील मुख्य प्रश्न असतात.

भारतात हा विषय २०१८ नंतर विशेष चर्चेत आला. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेत उघडकीस आलेला घोटाळा व विजय मल्ल्या यांची कर्जबुडवेगिरी या दोन्ही प्रकरणांत आरोपी व त्यांच्या मालमत्तेचा काही भाग परदेशात होता.

संज्ञा व प्रकार

दैनंदिन मराठीत ‘जप्ती’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. कायद्यात मात्र त्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या मानाव्या लागतात.

टाच: मालमत्ता विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येऊ नये म्हणून तिच्यावर घातलेले तात्पुरते बंधन. मालकी मूळ मालकाकडेच राहते.

ताबा घेणे: कागदपत्रे, दागिने, रोकड यांसारख्या वस्तू तपास यंत्रणेने प्रत्यक्ष हाती घेणे. यातही मालकी बदलत नाही.

सरकारजमा करणे: न्यायालयाच्या किंवा सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाने मालकीच सरकारकडे जाणे.

परदेशातील टाच व परदेशातील सरकारजमा यांत मोठे अंतर असते. पहिल्यासाठी बहुधा सकृद्दर्शनी पुरावा पुरतो, तर दुसऱ्यासाठी बहुतेक देश अंतिम न्यायनिर्णय मागतात. वृत्तपत्रांत ‘परदेशातील मालमत्ता जप्त’ असे मथळे येतात, तेव्हा बऱ्याचदा पहिलीच पायरी झालेली असते.

सरकारजमा आदेशांचेही दोन प्रकार आहेत. पहिला दोषसिद्धीवर आधारित असतो. त्यात आरोपी दोषी ठरल्यानंतर त्याची मालमत्ता काढून घेतली जाते. दुसऱ्यात कोणीही दोषी ठरण्याची वाट न पाहता मालमत्ता गुन्ह्यातून आली आहे काय, एवढेच तपासले जाते. आरोपी मृत किंवा फरारी असेल तेव्हा हा दुसरा मार्ग उपयोगी पडतो, परंतु परदेशी न्यायालयात मान्यता मिळवताना त्यालाच अधिक आक्षेप घेतले जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोणत्याही देशाचे न्यायालय दुसऱ्या देशाचे दंडविषयक कायदे अमलात आणत नाही, हे जुने तत्त्व आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८२५ साली ‘अँटिलोप’ या गुलामवाहू जहाजाच्या खटल्यात ते मांडले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९३ साली हंटिंग्टन विरुद्ध अॅट्रिल या खटल्यात ‘दंड’ कशाला म्हणावे याची कसोटी दिली. शासनाने समाजाच्या वतीने केलेली वसुली म्हणजे दंड. खासगी व्यक्तीला तिच्या नुकसानीपोटी मिळणारी रक्कम म्हणजे दंड नव्हे. दंड करणे हे सार्वभौम सत्तेचे काम असून ते दुसऱ्या सार्वभौम सत्तेच्या न्यायालयाकडून करून घेता येत नाही, असा यामागील विचार होता.

या तत्त्वाच्या छायेतील एक बोधप्रद खटला न्यूझीलंड सरकारचा आहे. माओरी लोकांच्या लाकडी कोरीव फळ्या परवान्याविना त्या देशाबाहेर गेल्या आणि १९७८ साली लंडनमध्ये लिलावासाठी आल्या. न्यूझीलंडच्या कायद्यानुसार अशी वस्तू सरकारजमा होत असल्याने त्या परत मिळाव्यात, अशी मागणी त्या सरकारने केली. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली ती फेटाळली. फळ्या न्यूझीलंडमध्ये असताना प्रत्यक्ष ताब्यात घेतल्या गेल्या नव्हत्या, म्हणून मालकी सरकारकडे गेलीच नव्हती, असे कारण देण्यात आले. अखेर २०१४ साली त्या न्यूझीलंडला परतल्या, पण न्यायालयीन आदेशाने नव्हे.

आंतरराष्ट्रीय करार

अमली पदार्थांच्या व्यापारातील पैसा देशोदेशी फिरू लागल्यावर जुने तत्त्व अपुरे पडू लागले. १९८८ च्या व्हिएन्ना करारातील पाचव्या अनुच्छेदाने सदस्य देशांना एकमेकांच्या सरकारजमा आदेशांबाबत साहाय्य करण्यास बांधून घेतले. विनंती मिळालेल्या देशाने एकतर परकीय आदेश आपल्या न्यायालयापुढे अंमलबजावणीसाठी ठेवावा किंवा त्याच मालमत्तेविरुद्ध स्वतः नवा आदेश मिळवावा, असे दोन पर्याय त्यात दिले आहेत. पुढे २००० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी करारात व २००३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारात हीच रचना आली. दुसऱ्या कराराचे संपूर्ण पाचवे प्रकरण मालमत्ता परत मिळवण्यास वाहिलेले आहे. भारताने तो मे २०११ मध्ये अनुसमर्थित केला.

याखेरीज द्विपक्षीय करारही आहेत. गुन्ह्यातील मिळकतीचा शोध, टाच व सरकारजमा यांविषयी भारत व ब्रिटन यांच्यात सप्टेंबर १९९२ मध्ये करार झाला. अमेरिकेबरोबरचा परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार ऑक्टोबर २००१ मध्ये होऊन २००५ मध्ये अमलात आला.

भारतातील कायदा

दिवाणी मार्ग

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १३ नुसार परकीय न्यायनिर्णय पक्षकारांवर बंधनकारक असतो. मात्र त्याला सहा अपवाद आहेत. न्यायालयाला अधिकारिता नसणे, निर्णय गुणावगुणांवर नसणे, आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत किंवा भारतीय कायदा लागू असूनही त्याला दिलेला नकार, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणुकीने मिळवलेला निकाल आणि भारतीय कायद्याच्या भंगावर उभा असलेला दावा, हे ते अपवाद होत. कलम ४४अ नुसार परस्परता असलेल्या प्रदेशांतील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयात थेट अमलात आणता येतात. संयुक्त अरब अमिरातीचा या यादीत जानेवारी २०२० मध्ये समावेश झाला. परंतु कर, द्रव्यदंड व अन्य शिक्षा यांपोटी देय असलेल्या रकमा या कलमातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे जुने तत्त्व भारतीय दिवाणी कायद्यात आजही कायम असून सरकारजमा आदेशाला हे दार बंद आहे.

स्थावर मालमत्तेबाबत अडचण आणखी वाढते. आर. विश्वनाथन विरुद्ध रुक्न-उल-मुल्क सय्यद अब्दुल वाजिद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली म्हैसूरच्या न्यायालयाचा निकाल मद्रासमधील स्थावर मालमत्तेवर बंधनकारक नसल्याचे ठरवले. जमीन जेथे, तेथलेच न्यायालय, हा त्यामागील नियम आहे.

फौजदारी मार्ग

दिवाणी दार बंद असल्याने स्वतंत्र फौजदारी तरतुदी करण्यात आल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेत १९९३ साली सातवे-अ प्रकरण (कलमे १०५अ ते १०५ल) घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील आठव्या प्रकरणाने (कलमे १११ ते १२४) घेतली. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलराम मिहानी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या प्रकरणाची व्याप्ती स्पष्ट केली. देशाबाहेर धागेदोरे असलेल्या गुन्ह्यांसाठीच ते असून निव्वळ स्थानिक गुन्ह्यातील मालमत्तेला ते लावता येत नाही, असा तो निर्णय आहे.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ च्या नवव्या प्रकरणात दोन्ही दिशांची व्यवस्था आहे. भारतातील आदेश परदेशात अमलात आणायचा असेल, तर विशेष न्यायालय ‘करारबद्ध राज्या’तील न्यायालयाला किंवा प्राधिकरणाला विनंतीपत्र पाठवू शकते. करारबद्ध राज्य म्हणजे ज्या देशाशी भारताची तहाने किंवा अन्य प्रकारे तशी व्यवस्था झाली आहे तो देश. उलट दिशेने, परदेशी न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यास भारतातील संबंधित मालमत्ता, हितसंबंधितांना नोटीस देऊन, सरकारजमा करता येते. परदेशी न्यायालयात गुन्हा घडलाच नाही असे ठरले, तर मालमत्ता मुक्त करण्याची तरतूदही २०१३ च्या दुरुस्तीने कलम ५८अ मध्ये करण्यात आली.

फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा, २०१८ ने याच्याही पुढचे पाऊल टाकले. १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या अनुसूचित गुन्ह्यात वॉरंट निघालेली व्यक्ती खटला टाळण्यासाठी देश सोडून गेली किंवा परतण्यास नकार देत असेल, तर विशेष न्यायालय तिला फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित करू शकते. त्यानंतर तिची भारतातील व परदेशातील मालमत्ता सरकारजमा करता येते. त्यासाठी दोषसिद्धी लागत नाही. हजर राहण्यासाठी किमान सहा आठवड्यांची मुदत देणारी नोटीस मात्र अनिवार्य आहे, आणि त्या व्यक्तीने न्यायालयात स्वतः हजेरी लावली तर कार्यवाही संपुष्टात येते. गुन्ह्यातील मिळकतीत सद्भावनेने हितसंबंध मिळवलेल्या तिऱ्हाइताचे हक्क वगळण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे.

मुंबईतील प्रकरणे

नीरव मोदी

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून बनावट हमीपत्रे देऊन हिरे व्यापारी नीरव मोदी, मेहुल चोक्सी व त्यांच्या कंपन्यांनी परदेशी शाखांतून कर्जे उचलल्याचे २०१८ च्या आरंभी उघडकीस आले. या प्रकरणात परदेशातील मालमत्तेबाबतचे तीन वेगवेगळे मार्ग पाहावयास मिळतात.

पहिला मार्ग टाचेचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने भारत व अन्य देशांतील मिळून सुमारे ६३७ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणल्याचे जाहीर केले. त्यात न्यूयॉर्कमधील दोन व लंडनमधील एक सदनिका होती.

दुसरा मार्ग मालच परत आणण्याचा. जून २०२० मध्ये मोदी व चोक्सी यांच्याशी संबंधित कंपन्यांचे हिरे, मोती व दागिने हाँगकाँगमधील गोदामातून मुंबईत आणण्यात आले. १०८ खेपांच्या या मालाचे वजन २,३०० किलोग्रॅमहून अधिक व घोषित मूल्य सुमारे १,३५० कोटी रुपये होते. जंगम वस्तू भारतात आली की परकीय न्यायालयाच्या मान्यतेचा प्रश्न उरत नाही.

तिसरा मार्ग सरकारजमा आदेशाचा. मुंबईच्या विशेष न्यायालयाने ५ डिसेंबर २०१९ रोजी मोदी यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले आणि ८ जून २०२० रोजी त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्यास मंजुरी दिली. त्यानुसार जुलै २०२० मध्ये ३२९.६६ कोटी रुपयांची मालमत्ता सरकारजमा झाली. २०१८ च्या कायद्याखालील ही पहिलीच कारवाई होती. या यादीत वरळीच्या समुद्र महल इमारतीतील सदनिका, अलिबागचे समुद्रकाठचे फार्महाऊस व जैसलमेरची पवनचक्की यांबरोबर लंडन व संयुक्त अरब अमिरातीतील सदनिकाही होत्या. वरळी व अलिबागच्या मालमत्तेला हा आदेश थेट लागू पडला. परदेशातील सदनिकांसाठी तेथील यंत्रणेचा हात लागणे आवश्यक होते.

लंडनच्या सदनिकेबाबत पुढे काय घडले, ते या विषयाचे मर्म सांगते. मध्य लंडनमधील मॅरेथॉन हाऊस या इमारतीतील ही सदनिका एका न्यासाच्या नावे होती आणि सिंगापूरची एक कंपनी त्याची विश्वस्त होती. विश्वस्तांनी ती विकण्याची परवानगी लंडनच्या उच्च न्यायालयाकडे मागितली. न्यासातील मालमत्ता बँकेच्या फसवणुकीच्या पैशातून घेतलेली आहे, अशी भूमिका सक्तवसुली संचालनालयाने तेथे मांडली. मात्र अंतिम हक्कदाराचे हित जपण्याच्या हमीवर त्याने विक्रीस तत्त्वतः संमती दिली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने किमान ५२ लाख ५० हजार पौंडांना विक्री करण्यास परवानगी दिली आणि देणी भागवून उरणारी रक्कम सुरक्षित खात्यात ठेवण्याची व्यवस्था झाली. मुंबईच्या आदेशाने सरकारजमा झालेल्या सदनिकेबाबत भारतीय यंत्रणेला जवळपास चार वर्षांनंतर लंडनमध्ये एक पक्षकार म्हणून उभे राहावे लागले.

विजय मल्ल्या

मल्ल्या यांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने ५ जानेवारी २०१९ रोजी फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले. २०१८ च्या कायद्याखाली तशी घोषणा झालेली ही पहिली व्यक्ती. तथापि ब्रिटनमधील त्यांच्या मालमत्तेविरुद्ध बँकांनी दिवाणी मार्ग धरला होता. बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा २०१७ चा निकाल भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी ब्रिटनच्या १९३३ च्या परकीय न्यायनिर्णयविषयक कायद्याखाली तेथे नोंदवला आणि मल्ल्या यांची जगभरातील मालमत्ता गोठवणारा आदेश मिळवला. मे २०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. कर्जाची वसुली हा खासगी हक्क असल्याने ‘दंड’ हा आक्षेप येथे आड आला नाही. फ्रान्समध्ये मात्र फौजदारी मार्ग वापरला गेला. सक्तवसुली संचालनालयाच्या विनंतीवरून तेथील यंत्रणेने २०२० मध्ये पॅरिसमधील १६ लाख युरोंच्या मालमत्तेवर टाच आणली.

इतर देशांतील पद्धती

ब्रिटन

तेथे २००२ चा गुन्ह्यातील मिळकतीविषयीचा कायदा व त्याखालील २००५ चा आदेश लागू होतो. दोषसिद्धीवर आधारित परकीय आदेश क्राउन कोर्टात नोंदवला जातो. दोषसिद्धीविना दिलेल्या आदेशासाठी उच्च न्यायालयात दिवाणी वसुलीचा वेगळा मार्ग आहे. क्राउन कोर्टापुढे येणारा आदेश अमलात असावा, त्यावर अपील प्रलंबित नसावे आणि तो मानवी हक्कांशी विसंगत नसावा, या मुख्य अटी आहेत. एका इस्रायली गुन्हेगाराच्या मालमत्तेसंबंधीच्या पेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये दिवाणी वसुलीची सत्ता देशाबाहेरील मालमत्तेपर्यंत पोचत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने २०१३ साली कायद्यात दुरुस्ती केली.

अमेरिका

तेथे २००० साली केलेल्या तरतुदीनुसार परकीय देशाची विनंती प्रथम अॅटर्नी जनरलकडे जाते. ती न्यायहिताची आहे असे त्यांनी प्रमाणित केल्यासच ती संघीय न्यायालयापुढे येते, आणि या प्रमाणपत्रास न्यायालयात आव्हान देता येत नाही. न्यायालय मूळ गुन्ह्याचा पुरावा पुन्हा तपासत नाही. न्याय्य प्रक्रियेशी विसंगत व्यवस्था, व्यक्तीवर अधिकारिता नसणे, विषयावर अधिकारिता नसणे, हितसंबंधितांना वेळेत सूचना न देणे व फसवणूक या पाच कारणांनीच ते नकार देऊ शकते. ब्राझीलच्या विनंतीवरून गोठवलेल्या निधीच्या खटल्यात २०१० साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, परदेशात सरकारजमा निकाल लागण्यापूर्वी मालमत्ता गोठवण्याचा अधिकार या कायद्यात नाही, असे ठरवले. त्याच वर्षी कायदा बदलून तो अधिकार देण्यात आला.

आदेश अमान्य होण्याची कारणे

तपशील देशागणिक बदलत असले, तरी पुढील कारणे बहुतेक ठिकाणी आढळतात.

सूचनेचा अभाव: मालकाला किंवा तिऱ्हाइताला बाजू मांडण्यास पुरेसा वेळ न मिळणे.

दुहेरी गुन्ह्याची अट: संबंधित कृत्य दोन्ही देशांत गुन्हा नसणे.

अंतिमतेचा अभाव: आदेशाविरुद्ध अपील प्रलंबित असणे.

मालकीचा वाद: मालमत्ता न्यास, कंपनी किंवा नातेवाइकांच्या नावे असणे व तिचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध न होणे.

सार्वजनिक धोरण: आदेश राजकीय सूडातून आल्याचा किंवा मूलभूत हक्कांचा भंग करणारा असल्याचा निष्कर्ष.

भारताच्या २०१८ च्या कायद्यातील कलम १४ वर टीका होते ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. फरारी घोषित झालेल्या व्यक्तीला दिवाणी दावा मांडण्यास किंवा त्याचा बचाव करण्यास न्यायालय या कलमानुसार मनाई करू शकते. फरारी व्यक्तीवर परतण्यासाठी दबाव यावा, हा त्याचा हेतू आहे. परंतु बचावाची संधी मिळाली होती काय, हाच परदेशी न्यायालयाचा पहिला प्रश्न असल्याने देशात कारवाई वेगवान करणारी तरतूद परदेशात तिच्या आड येऊ शकते. याउलट सहा आठवड्यांची नोटीस व तिऱ्हाइतांचे रक्षण या तरतुदी आदेशाला परदेशात बळ देतात.

मालमत्तेचा विनियोग

आदेश मान्य झाल्यावर पैसा कोणाचा, हा प्रश्न उरतो. सार्वजनिक निधीचा अपहार असेल तर तो विनंती करणाऱ्या देशाला परत करावा, असे भ्रष्टाचारविरोधी कराराचा ५७ वा अनुच्छेद सांगतो. इतर प्रकरणांत खर्च वजा करून वाटणी केली जाते. भारतीय कायद्यातही परदेशाच्या विनंतीवरून सरकारजमा झालेली मालमत्ता त्या देशाला परत देण्याची किंवा परस्परसंमतीने तिची भरपाई देण्याची सोय आहे.

फिलिपाईन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या संपत्तीचे प्रकरण या बाबतीत वारंवार अभ्यासले जाते. स्विस न्यायालयाने १९९७ साली तेथील ठेवी फिलिपाईन्समध्ये हलवण्यास परवानगी दिली. मात्र न्याय्य सुनावणीनंतर सरकारजमा करण्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत त्या वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट घातली. फिलिपाईन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल जुलै २००३ मध्ये दिला. ही रक्कम ६५ कोटी डॉलरहून अधिक होती. न्यूयॉर्कमधील एका खात्याबाबत मात्र वेगळाच पेच उभा राहिला. मार्कोस यांनी १९७२ साली ठेवलेले २० लाख डॉलर २००० सालापर्यंत सुमारे साडेतीन कोटींवर गेले होते. त्यावर फिलिपाईन्स सरकारने हक्क सांगितला आणि मार्कोस राजवटीत छळ झालेल्या हजारो नागरिकांनीही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली फिलिपाईन्स सरकारच्या सहभागाशिवाय हा दावा चालू शकत नाही, असे ठरवले. पीडित नागरिक व त्यांचेच सरकार एकाच पैशावर हक्क सांगत समोरासमोर येऊ शकतात, हे या खटल्याने दाखवून दिले.

भारतात बँका या पीडित पक्ष मानल्या गेल्या. विशेष न्यायालयांच्या परवानगीने मल्ल्या प्रकरणात सुमारे १४,१३१ कोटी व नीरव मोदी प्रकरणात सुमारे १,०५२ कोटी रुपयांची मालमत्ता सार्वजनिक बँकांना परत देण्यात आल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. परदेशात असलेली मालमत्ता बँकांच्या हाती येणे मात्र त्या त्या देशातील न्यायालयांच्या मान्यतेवरच अवलंबून राहते.

हेही पहा

फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा, २०१८
मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२
सक्तवसुली संचालनालय
प्रत्यार्पण
नैसर्गिक न्याय